नेरवळचा पहिला हुकूम

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. अंगात जरीचा अंगरखा आहे आणि तो काखेत टोचतोय. डोक्यावरचा मंदील मापानं मोठा आहे, सारखा भुवयांवर घसरतोय. समारंभ म्हणून सकाळपासून पोटात काही नाही. तुम्हाला एका गादीवर बसवलंय, आणि ती एवढी रुंद आहे की मागच्या लोडाला पाठ टेकवली तर पाय काठीसारखे समोर ताठ होतात. समोरून एकेक माणूस येतो, वाकून मुजरा करतो. पांढऱ्या मिश्यांचे म्हातारे येतात, लढाईत बोटं गमावलेले शिलेदार येतात. आणि त्यांतला एकही जण तुमच्याकडे बघत नाही.

सगळे बघतात ते तुमच्या डाव्या खांद्यावरून थोडं वर. तुमच्या मागं कुणी उंच माणूस उभा असता, तर त्याचा चेहरा जिथं आला असता, बरोबर तिथं.

मागं वळून बघा. मनातल्या मनातच. तिथं भिंत आहे. दुसरं काही नाही.

अशा वेळी तुम्ही काय कराल ते मनाशी ठरवून ठेवा. रुद्राजीनं काय केलं ते मी सांगतो, कारण त्या दिवशी मी त्याच्या उजव्या हाताला उभा होतो. मी त्याचा पंतोजी.

"पंतोजी," तो ओठ न हलवता पुटपुटला. ही कला त्यानं माझ्याच पाढ्यांच्या वेळी कमावली होती. "माझ्या मागं कोण आहे?"

"कुणी नाही, राजे."

"मग हे कुणाला मुजरा करतायत?"

"तुम्हालाच."

"नाही," तो म्हणाला. मंदील पुन्हा घसरला. त्यानं तो वर सारला आणि पुढच्या म्हाताऱ्याकडे बघून मान हलवली. म्हाताऱ्यानं ती मान पाहिली नाही.

नेरवळ म्हणजे दक्षिण कोकणातलं मूठभर संस्थान. एक खाडी, खाडीच्या काठानं गाव, मागं डोंगर आणि डोंगरात थोड्या वाड्या. पेशवाई बुडाली त्या लढाईत रुद्राजीचे वडील पडले. कंपनीची पलटण खाडी उतरून गावात शिरली आणि कप्तान वेल्डननं दवंडी पिटवली: धनी अज्ञान आहे, सबब कारभार आमचा. त्याला चार वर्षं झाली होती. कप्तान माणूस वाईट नव्हता. धन्याला शिकवायला दोन वर्षांपूर्वी त्यानंच मला वाईहून बोलावून घेतलं. आता वरून कागद आला होता की आईसाहेबांच्या आणि मानकऱ्यांच्या सल्ल्यानं धन्यानं आपला कारभार आपण करावा, पलटणीनं नेरवळ सोडावं. त्या दिवशी सकाळी कप्तानानं भर दरबारात शिक्का आणि तलवार रुद्राजीच्या हाती दिली. देवळात घंटा वाजल्या. सगळं झालं.

फक्त ते बघणं तेवढं मला कळेना.

मुजरे संपले तसा कप्तान म्हणाला, "राजेसाहेब, आता पहिला हुकूम द्यावा."

रुद्राजी उठून उभा राहिला. बसल्यावर आपण फारच लहान दिसतो हे त्याला ठाऊक होतं. हुकूम त्याच्या मनात आदल्या दिवसापासून तयार होता. तो मी सांगितलेला नव्हता, आईसाहेबांनीही नाही.

गावाबाहेर खाडीच्या काठाला सावळो तारी राहत असे. पलटणीला खाडी पार करून दिली ती त्याच्या होडीनं, म्हणून गावानं त्याला वाळीत टाकलं होतं. त्याच्या घराला कुणी विस्तव देत नसे, विहिरीवर त्याला पाणी नव्हतं, त्याची होडी वाळूत उलटी पडून सडत होती. पावसात चकमक पेटत नाही. मागच्या आषाढात ओल्या घरात, गार पेजेवर त्याचं धाकटं पोर गेलं. खांदा द्यायला माणूस आला नाही. सावळोनं ते एकट्यानं उचलून नेलं. आता सावळो स्वतःच अंथरुणाला खिळला होता, आणि पावसाळा पुन्हा दीड-दोन महिन्यांवर आला होता.

रुद्राजी लहानपणापासून ऐकत आला होता की त्या तारीनं आपल्या वडिलांचा घात केला. आदल्या दिवशी निरोप घेताना कप्तानानं त्याला सहज म्हणून खरं सांगितलं. "घात? आम्ही त्याचे मोठे पोरास होडीत बसवून त्याचे डोकीस बंदूक लावली होती. तेव्हा त्याने वल्हे उचलले."

रुद्राजी त्या रात्री जेवला नव्हता.

"सावळो तारीवरची वाळी आजपासून उठली," तो म्हणाला. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "गावानं त्याला विस्तव द्यावा, पाणी द्यावं. आत्ता."

"जी म्हाराज," भिकाजी परब म्हणाला. हा मानकऱ्यांमधला पहिला. उंच, वाळका, खांद्यावर घोंगडी. तो कमरेत वाकला.

"जी म्हाराज," मागचे सगळे म्हणाले.

कुणी जागचं हललं नाही.

"मग जा ना," रुद्राजी म्हणाला.

"जी म्हाराज."

सगळे तसेच उभे. नजरा त्या भिंतीवर. दरबारात एवढी माणसं असून बाहेरच्या माडांची सळसळ ऐकू येत होती. पडद्याआडून आईसाहेबांच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

कप्तान माझ्याजवळ सरकला. त्याचं मराठी पुण्याच्या मुनशीकडून शिकलेलं, जुन्या कागदांसारखं. "हेच ते पंतोजी. हाच हुकूम मी किती वेळा दिला. आमचे हुकुमास सर्व 'जी' म्हणतात. 'नाही' म्हणते तर फटके मारता आले असते. 'जी' म्हणणारास काय करावे?"

"साहेब, हे बघतात कुठं?"

त्याचा लाल चेहरा क्षणभर पांढरा झाला. "म्हणजे तुम्हांसही दिसते? मला वाटत होते, उन्हाने माझे डोके फिरले. चार वर्षे मी इथे खुर्चीत बसलो. माझेही मागे ते असेच बघत. एके दिवशी मी खुर्ची नेऊन भिंतीस टेकविली. तरी तिथेच बघत. भिंतीत." त्यानं रुमालानं मान पुसली. "ऐका. जहाज खाडीचे तोंडाशी उभे आहे. ओहोटी लागली की मी निघणार. कागदात एक अट आहे: धन्याचा हुकूम चालला पाहिजे. न चालेल तर राज्य कंपनी घेईल, आणि मग परत देणार नाही. धक्क्यावरून तारीचे घर दिसते. निघण्यापूर्वी त्या घरातून धूर दिसला, तर 'हुकूम चालतो' असे लिहीन. न दिसला तर मी खोटे लिहिणार नाही. मला पोराची दया येते. पण खोटे लिहिणार नाही."

दरबार उठला. मी भिकाजी परबाला वाड्यामागच्या फणसाखाली गाठलं.

"परब, हे काय चाललंय? तो तुमचा धनी आहे ना?"

"आमचोच. बघलात ना, मुजरो केलंय."

"कुणाला केलात?"

परब पान जुळवत होता. त्याचा हात थांबला. "पंतोजी, तुमी घाटावरचे. तुमका सांगून काय उपेग?"

"सांगून बघा. वाईच्या माणसालाही दोन कान असतात."

तो जरासा हसला. मग इकडंतिकडं बघून त्यानं सांगितलं. पलटण गावात शिरली त्या संध्याकाळी सगळे मानकरी वेतोबाच्या देवळात जमले. वेतोबा हा गावचा राखणदार देव. धनी पडलेला, त्याचा मुलगा सहा वर्षांचा, राजवाड्यावर परक्यांचं निशाण. तेव्हा परबानं देवाला गाऱ्हाणं घातलं, म्हणजे गावाच्या वतीनं मोठ्यानं विनवणी केली: बा देवा म्हाराजा, धनी हातात धरण्याजोगो होयसर, म्हणजे जाणता होईपर्यंत, ह्यां राज्य तू सांभाळ. आणि सगळे एका आवाजात बोलले, होय म्हाराजा!

"म्हणजे कप्तानाकडे राज्य..."

"नव्हताच कधी. जां त्याच्याकडे नव्हतां, तां तो परत काय देतलो?" परबानं पान तोंडात टाकलं. "बिचारो रोज खुर्चयेत बसून घाम पुसी. आमका पण वायट वाटा. पण सांगतलो कोण?"

"आणि कारभार?"

"कौल लावून. साहेब हुकूम देय, आमी जी म्हणू, मगे देवाक इचारू. देवान् हो म्हटल्यान तर करू."

"मग आता देवाकडून राज्य मागून घ्या!"

परबाचं चघळणं थांबलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मुलांनो, त्या माणसाच्या डोळ्यांत लबाडी मुळीच नव्हती. भीती होती. "मागूक व्हयां," तो हळू म्हणाला. "पण पंतोजी, देव देतलो? चार वर्सां झाली. त्याका सवय झाली आसतली."

"मागून बघू या," मागून बारीक आवाज आला. रुद्राजी फणसाच्या बुंध्याआड उभा होता. मंदील काढून त्यानं काखेत मारला होता. किती वेळ तो ऐकत होता कोण जाणे.

"बाळराजांनु, आता बाराची येळ," परब म्हणाला. "ह्या येळेक कोण देवळात जायत नाय."

"ओहोटी किती वाजता आहे?" रुद्राजीनं मला विचारलं.

"दुपार कलली की."

"मग बाराचीच वेळ बरी."

भर दुपारचं कोकण तुम्ही पाहिलंय का? उन्हानं सगळा आवाज शोषून घेतलेला असतो. कुत्री सावलीला, कोंबड्या टोपल्याखाली. आम्ही तिघं निघालो, आणि दारादारातून माणसं न बोलता आमच्या मागं येऊ लागली. सगळे रस्त्याच्या कडेनं, भिंतीला खांदा लावून चालत होते. मीही. दोन वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली होती की का चालतो तेही मी विचारेनासा झालो होतो. नेरवळचा रस्ता चांगला दोन गाड्या जातील एवढा रुंद, पण त्याच्या मधोमध गुडघ्याएवढं गवत वाढलेलं होतं. दोन्ही कडा पायांनी घासून गुळगुळीत, आणि मधला पट्टा हिरवा. आलो तेव्हा मी एकदा विचारलं होतं, तेव्हा "वाट देवाची आसा" एवढंच उत्तर मिळालं होतं. चैत्रात आजूबाजूचं सगळं रान वाळून पिवळं पडतं. ते गवत पिवळं पडत नसे.

देवळात बाबी गुरव एका कोपऱ्यात बसला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता तांब्या भरून घेतला. वेतोबाची मूर्ती माणसापेक्षा उंच, काळ्या दगडाची, उभी. पायांपाशी चामड्याच्या प्रचंड वहाणा, नवसाच्या. देव त्या घालून गावाची फेरी मारतो अशी समजूत. त्यांच्या टाचा झिजलेल्या होत्या.

मी एकदा बाबीला म्हटलं होतं, "उंदीर खात असतील."

तो म्हणाला होता, "उंदीर टाचच तेवढी खातत काय, पंतोजी?"

त्या दिवशी मी तिकडं बघितलं नाही.

कौल लावायची रीत सांगतो. ओल्या पानाचे तुकडे देवाच्या छातीवर डावीकडं आणि उजवीकडं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवं पान आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. बाबीनं पानं लावली. परब हात जोडून उभा राहिला आणि त्याचा आवाज गाभाऱ्यात घुमला.

"बा देवा म्हाराजा! धनी हातात धरण्याजोगो झालो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागून सगळा गाव.

"तुझ्याकडे ठेवलेलां राज्य तेचा तेका परत दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"देतंस तर उजवो दी. नाय तर डावो दी."

आम्ही बघत राहिलो. पान पडलं नाही.

उजवंही नाही आणि डावंही नाही. बाबीच्या ओठांवर घाम आला. परबानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पानं तशीच. दगडावरचं पाणी वाळलं, पानांच्या कडा मुरडल्या, आता ती कशानं चिकटून राहिली होती देव जाणे, पण पडत नव्हती. मागं कुणी तरी बाई हुंदका देऊ लागली. दुसरीनं तिचं तोंड दाबलं.

"असां कधी झालां नाय," बाबी पुटपुटला. "नाय म्हणता, हो म्हणता. गप कधी ऱ्हवलो नाय."

खाडीच्या बाजूनं कप्तानाच्या माणसांची सामान चढवायची हाकाटी ऐकू येत होती.

रुद्राजी मूर्तीकडं बघत होता. मग त्यानं एकदम विचारलं, "परबकाका, तारीच्या वेळी देवाला काय विचारलं होतंत?"

"आं? तां... 'ह्याका वाळीत घालू?'"

"मग?"

"उजवो पडलो."

"किती दिवस, ते विचारलं?"

परब मूर्तीवरच्या पानांकडं बघू लागला.

"विचारलं का?"

"नाय, बाळराजांनु."

"का नाही?"

परबानं घोंगडी सावरली. एवढा मोठा माणूस, पण हिशेब चुकलेल्या पोरासारखा उभा होता. "शिक्षा घालूक देवाक इचारता येता. पण सोडूचां काम धन्याचां. असोच रिवाज. घातलेली गाठ धन्यान् सोडूची. धनी नव्हतोच... मगे आमी कोणाक इचारतलंव?"

"म्हणजे ज्या ज्या गोष्टी घातल्या..."

"त्यो सगळ्यो तश्योच आसत."

मुलांनो, हे ऐकताना माझ्या पाठीवरून जे गेलं ते त्या झिजलेल्या वहाणा बघून कधी गेलं नव्हतं. पहिल्या वर्षी गावात देवी आल्या होत्या, तेव्हा सांजवेळी दारं लावून घ्यायचा कौल झाला होता. देवी गेल्या, दारं लागतच राहिली. एक बाई विहिरीत पडली म्हणून विहीर बंद झाली, ती बंदच. एका बाराच्या वेळी रस्त्यात कुणाला काही तरी दिसलं, तेव्हापासून रस्त्याचं मधलं अंग सोडलं, ते सोडलंच. चार वर्षांत नेरवळात जे जे बांधलं गेलं त्यातलं काहीच कधी सुटलं नव्हतं. गाठीवर गाठ, अगदी देवाकडे ठेवलेलं राज्यसुद्धा. आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती कुणी तरी उभा राहून घट्ट धरून ठेवलीय.

"सावळ्या आणि मी एका होडयेतसून मासे मारूक जायत होतो, ल्हान असताना," परब कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला. "त्याच्या पोराक तो एकटो घेऊन गेलो, तां मी आमच्या माडाआडसून बघी होतंय."

रुद्राजीनं त्याच्याकडं पाहिलं. मग तो मूर्तीच्या अगदी जवळ गेला. मूर्तीच्या कमरेलाच त्याचं डोकं लागत होतं. त्यानं हात जोडले. माझ्याशी तो माझ्यासारखं बोले, पण देवाशी तो गावाच्या बोलीत बोलला.

"बा देवा म्हाराजा. तू खंय जाव नको. हयच ऱ्हव. पण पुढे मी चलतलंय. तू माझ्या मागसून ये, म्हाराजा."

गाऱ्हाणं घातलं की मागच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्याशिवाय ते पुरं होत नाही, अधांतरी राहतं. कुणी म्हणेना. म्हणायचं म्हणजे त्याला धनी मानायचं, आणि देव तर गप्प होता. परबाचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी परमुलखातला, मला तो अधिकार नाही.

रुद्राजी वाट बघत राहिला. खूप वेळ. त्याचे कान लाल झाले.

मग तो स्वतःच म्हणाला, "होय म्हाराजा."

तो वळला. देवाकडं सरळ पाठ करून. कुणी तरी श्वास ओढून घेतला. धुपाटण्याशेजारी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या, त्यांतली एक त्यानं उचलली, तळाशी राख घातली आणि चिमट्यानं धुपाचे निखारे तीत भरले. बाबी गुरवानं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. करवंटी दोन्ही हातांत धरून रुद्राजी अनवाणी पायऱ्या उतरला आणि मधल्या गवतात शिरला.

मी कडेनं त्याच्या मागं धावलो. "राजे, हात भाजेल!"

"भाजतोच आहे," तो म्हणाला. "तुम्ही पण मधून या की."

मी गेलो नाही. मी शिकलेला माणूस, पण माझे पाय कडेलाच चालत राहिले. गाव आमच्या मागं दोन्ही बाजूंनी भिंतींना घासत येत होता. मध्ये एकटा तो, निखाऱ्यांवर फुंकर घालत, जरीच्या अंगरख्यात, गुडघाभर हिरव्यात.

आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय. दहा वर्षांचं पोर चाललं की गवत किती दबेल? एवढंसं. ती एवढीशी पावलं मला दिसत होती. पण तो पुढं गेल्यावर हातभर अंतरानं त्याच्या मागचं गवत दुसऱ्यांदा दबत होतं. रुंद. सावकाश. एक पाऊल, मग दुसरं. वारा नव्हता. माडाची झावळी हलत नव्हती. मी परबाकडं पाहिलं. त्यानंही ते पाहिलं होतं. आणि मग दोन वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या शिष्याच्या डाव्या खांद्यावरून थोडं वर पाहिलं.

ऊन होतं. उन्हात हवा थरथरत होती. याहून जास्त मी शपथेवर सांगू शकत नाही.

रुद्राजीनं मागं वळून बघितलं नाही. करवंटीच्या कडा जळायला लागल्या होत्या आणि त्याचं सगळं ध्यान बोटं कुठं ठेवायची यात होतं.

तारीचं घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि झावळ्यांचं छप्पर. सावळोची बायको चंद्री अंगणात होती. एवढा गाव येताना पाहून ती आधी नवऱ्याच्या अंथरुणाकडं धावली आणि दारात आडवी उभी राहिली. "आता काय ऱ्हवलां?" ती ओरडली. "पोर नेलांत, आता काय व्हयां?"

"चूल कुठंय?" रुद्राजीनं विचारलं.

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या चेहऱ्याकडं. त्या दिवशी थेट त्याच्या चेहऱ्याकडं बघणारं ते पहिलं माणूस.

"लवकर सांग गे, हात जळतायत!"

चंद्री बाजूला झाली. तो आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि निखारे चुलीत ओतले. वर माडाची काथ्यासारखी सुकी किशी घातली आणि वाकून फुंकू लागला. फुंकर घालायची त्याला सवय नव्हती. पहिल्यांदा राखच उडून तोंडावर आली. तो खोकला, डोळे चोळले, तोंड काळं करून घेतलं, पुन्हा फुंकलं. कोपऱ्यातून सावळो कोपरावर उठून बघत होता. त्याचे गाल आत गेले होते. मग किशीनं पेट घेतला. चंद्रीनं कुठून तरी झावळीची सुकी हिरं, म्हणजे काड्या, आणली; घाईत निम्मी खाली पडली. धूर झाला. घरभर, मग छपरातून वर.

मी बाहेर आलो. धक्का तिथून स्पष्ट दिसत होता. कप्तान होडीशी उभा होता, तोंड आमच्याकडं करून. छपरावरचा धूर सरळ वर चढत होता. कप्तानानं बराच वेळ बघितलं. मग टोपी काढली, पुन्हा घातली आणि होडीत पाय टाकला. ओहोटीनं त्याला अलगद ओढून नेलं. त्यानं काय लिहिलं हे मला पुढं कळलं, आणि तुम्हालाही ओळखता येईल, कारण त्यानंतर कुणी नेरवळात कंपनीचा अंमल पाहिलेला नाही.

पण त्या वेळी गाव अंगणाबाहेरच थांबला होता. विस्तव दिला होता एका पोरानं, गावानं नव्हे. कुणी आत येईना. सगळ्यांच्या पुढं भिकाजी परब. त्यानं एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तो तिथंच थांबला. आतून सावळो त्याच्याकडं बघत होता. चार वर्षांत दोघांची नजरानजर झाली नव्हती. चंद्रीनं पेजेचं मडकं चुलीवर चढवलं होतं आणि पाठ केली होती. परबाचा चेहरा पिळवटून निघाला होता. तो आत येत नव्हता आणि माघारीही जात नव्हता.

"परबकाका," आतून रुद्राजी म्हणाला, "मला भूक लागलीय. पेज झाली की मी खाणार आहे. तुम्ही खाणार?"

परबानं आत नजर फिरवली.

त्या घरात बसायला एकच चटई होती, फाटकी, आणि रुद्राजी तिच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसला होता. त्यानं परबाकडं पाहिलं, चटईकडं पाहिलं. मग काजळीचे हात अंगरख्याला पुसून तो एका बाजूला सरकला आणि शेजारची जागा तळहातानं झाडून मोकळी केली.